सदतीस, हजर

"छत्तीस."

तिने तोंड उघडलं, पण आवाज काही फुटला नाही.

"छत्तीस! आहे की नाही?" सरांनी हजेरीवहीतून डोकं वर काढलं.

"ह... हजर."

"कोण म्याऊ म्हणालं?" सर म्हणाले. शंभर पोरं खो खो हसली आणि विद्यापीठातल्या तिसऱ्याच दिवशी तिचं बारसं झालं. म्याऊ.

घरी ताईशी ती तासन्‌तास बडबडायची. इथे मात्र तोंडात मिठाची गुळणी. "अगं, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," ताई फोनवर ऐकवायची. ताईचं काय जातंय सांगायला! पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि हिचं "हजर" सरांच्या टेबलापर्यंत पोचायचंच नाही. पहिल्या महिन्यात सात तास ती वर्गात बसून गैरहजर होती. असंच चाललं तर वर्ष वाया जाणार होतं.

शेजारी सदतीस नंबर बसायची. ती तर म्याऊहूनही गरीब गाय. मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुठे गायब व्हायची, कुणाला ठाऊक नव्हतं. दोघींमध्ये महिनाभरात जेमतेम दहा वाक्यं झाली असतील. पण म्याऊच्या लेखी तीच मैत्री.

त्या सोमवारी शेजारणीने वर्गाच्या दारातच तिचा हात धरला. हात गार पडला होता.

"आज मला आत बसवत नाही गं. इतकी माणसं बघितली की नुसतं धडधडतं. माझी हजेरी लावशील?"

"मी? माझी मला लावता येत नाही!"

"एकदाच. आणि कुणाला सांगू नकोस हं, शपथ आहे."

म्याऊ आत गेली ती हवेतच. आजवर तिच्यावर कुणी असा भरवसा टाकला नव्हता.

छत्तीसला ती नेहमीसारखी पुटपुटली. मग सर म्हणाले, "सदतीस." तिने मान खाली घातली, मनाचा हिय्या केला आणि भलत्याच जाड आवाजात म्हणाली, "हजर!" सरांचं पेन चाललं. कुणी हसलं नाही.

मंगळवारी शेजारीण आलीच नाही. फोनही लागेना. ती एकटीच खोली घेऊन राहायची; गावी घरी निघून गेली असेल, म्याऊला वाटलं. विचारणार कुणाला? विचारलं तर कालचं बिंग फुटणार. शब्द दिला म्हणजे दिला. आज तर तिच्या हजेरीची जास्तच गरज होती.

इमारतीची डागडुजी चालली होती. खालून कुणीतरी पाइप ठोकत होतं. ठण, ठण, ठण.

"या प्लंबरांना नेमका माझाच तास सापडतो," सर वैतागले. "जरा मोठ्याने बोला रे, काही ऐकू येत नाही."

म्हणून म्याऊला आवाज चढवावा लागला. छत्तीसलाही आणि सदतीसलाही.

बुधवारी तेच. खालची ठणठण चालू आणि म्याऊचा आवाज तिच्यावर. तास सुटल्यावर मागच्या बाकावरची एक उंच मुलगी म्हणाली, "म्याऊची वाघीण झाली की!" आणि तिला ओढत चहाला घेऊन गेली. म्याऊने तिथे चक्क एक विनोद सांगितला.

गुरुवारी ठोकणं थांबत थांबत ऐकू येत होतं. शुक्रवारी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"संपलं एकदाचं यांचं काम," सर म्हणाले.

म्याऊचं "हजर" मागच्या भिंतीपर्यंत गेलं. दोन्ही वेळा.

संध्याकाळी ताई फोनवर म्हणाली, "आवाज किती मोकळा झालाय गं तुझा!" म्याऊला आनंदाने रडू फुटलं. शेजारीण आली की तिला सांगायचं, असं तिने ठरवलं. तुझ्यामुळे मला वाचा फुटली, म्हणावं.

सोमवारी हजेरी सुरू व्हायच्या आधीच कार्यालयातले कारकून आत आले. त्यांच्या मागे एक बाई होत्या. डोळे सुजलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. कारकून सरांच्या कानाशी लागले. "सदतीसची आई," एवढंच पुढच्या बाकांना ऐकू आलं. सरांनी हजेरीवही मिटून टेबलावर ठेवली.

कारकुनांनी टेबलावरची वही उघडली. "हे बघा बाई. मी बुधवारी फोनवर तुम्हाला खोटं नव्हतं सांगितलं. सोमवार ते शुक्रवार, रोज हजर."

बाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. त्या पोरांकडे बघत होत्या.

"बाळांनो, मला कुणीतरी समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "ती काल सापडली. या वर्गाच्या खाली जुन्या कागदांची खोली आहे ना, तिथे. रोज डबा घेऊन एकटीच जाऊन बसायची म्हणे. तिथे फोनला रेंज नाही. सोमवारी शिपायाने न बघता बाहेरून कुलूप घातलं. डॉक्टर म्हणतात, गुरुवारपर्यंत जीव होता. हातात लोखंडी पट्टी होती, पाइपावर ठोकून ठोकून वाकलेली."

त्यांनी वहीकडे बोट केलं.

"आणि हे सांगतात, रोज हजर होती. बुधवारी ते ऐकलं आणि मी निर्धास्त झाले." बाईंचा आवाज चिरकला. "मग इथे हजर कोण म्हणत होतं?"