काळुरामची कोयती

करारावर सही झाली तेव्हा काळुरामची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तग धरतील की नाही, अशी त्याच्या बायकोला शंका आली. ती, शेवंती, घण जमिनीला टेकवून शेजारीच उभी होती. कल्याणात खाडीच्या अंगाला त्यांचं लोहारकीचं खोपट. काळुराम ऐरणीशी बसून सांडशीत लोखंड धरायचा आणि हातोडीने खूण करायचा. त्या खुणेवर शेवंती घण घालायची. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं.

काळुरामच्या कोयतीचं नाव होतं. ती ज्याच्या-त्याच्या हाताला बेतलेली असायची; गिऱ्हाइकाने मूठ वळवून दाखवल्याशिवाय तो लोखंड तापवायचाच नाही. ती कोयती नौपाड्याच्या हरिहरपंतांच्या नजरेत भरली. पंतांचा ठाण्याला सुऱ्या-कात्र्यांचा कारखाना होता. "स्वराज्य आलंय, काळुराम," ते म्हणाले होते, "आता तुमची कोयती हिंदुस्थानभर जाऊ दे." घडण काळुरामची, यंत्रं पंतांची. पात्यावर काळुरामच्या नावाचा ठसा आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे त्याला वाटा.

"तर मग," कागदाची घडी घालत पंत म्हणाले, "आजपासून ही कोयती फक्त कारखान्यात होणार. तुम्ही ती करायची नाही."

काळुरामला वाटलं, पंत थट्टा करताहेत. "म्हंजी? माजीच कोयती, आन् मीच करायची न्हाई?"

"मघाशी वाचून दाखवलं की. तुम्ही मान डोलावलीत."

डोलावली होती खरी. ठशाची गोष्ट ऐकल्यानंतर त्याच्या कानात दुसरं काही शिरलंच नव्हतं.

दाराशी मिठागरावरची आवडाबाई ताटकळत बसली होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीची ताठ झाली होती. जुनी कोयती मोडल्यापासून तिचं लाकूडफाट्याचं काम अडलं होतं.

"मना कवा मिलंल रं कोयती?" तिने विचारलं.

"दिवाळीला दुकानात मिळेल, बाई," पंत सौजन्याने म्हणाले.

"दुकानदार माजा हात बगंल काय?"

पंतांनी घड्याळात पाहिलं. काळुराम मान खाली घालून बसला. शेवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. पंतांचा राग आलाच, पण त्याहून जास्त नवऱ्याचा आला. नावाच्या हौसेपायी या माणसाने आपले हात बांधून दिले होते. ज्या खोपटात ती एवढं जीव तोडून राबली, ते उद्यापासून नुसतं खिळे ठोकत बसणार होतं.

"पंत," ती म्हणाली, "कागदावर नाव कुनाचं हाय?"

"काळुरामचं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"अवो, उठा."

काळुराम भांबावून उठला. शेवंतीने घण त्याच्या हातात दिला आणि पदर खोचून स्वतः ऐरणीशी बसली. आवडाबाईची मूठ तिने नीट पाहिली, ताठ बोटं चाचपली आणि भट्टीतलं लोखंड सांडशीने बाहेर ओढलं.

"तुला जमंल?" काळुराम पुटपुटला.

"इतकी वर्सं काय डोळं मिटून घण घातला म्या?"

तिने हातोडीची खूण केली. काळुरामने क्षणभर पंतांकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि घण दणकन ऐरणीवरच्या लोखंडावर पडला. ठिणग्या उडाल्या तसे पंत धोतर सावरत मागे सरले.

"अहो बाई, थांबा! हे चालायचं नाही! करार झालाय!"

शेवंतीने लोखंड उलटवलं, हातोडीने पुढची जागा दाखवली आणि मान वर न करता म्हणाली,

"त्यांचा झालाय. माजा न्हाई."