कमी करण्याची रीत

"शेठ आज बी येल शेतस, सर," प्रयोगशाळेतला जीवराम दारातून म्हणाला.

अभिमन सरांनी मल्टिमीटर खाली ठेवला. रिखबचंद शेठ या आठवड्यात रोजच येत होते, आणि फुकट माल देणारा माणूस रोज बघायला येऊ लागला की समजायचं, हात आखडणार.

जळगावच्या त्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये एक जुना तीनचाकी टेम्पो होता. इंजिन काढून त्यात हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल आणि बॅटरी बसवली होती. सेल संथपणे वीज देई, चढ आला की बॅटरी जोर लावी. कुणी किती भार उचलायचा हे ठरवणारी पद्धत शोधणं, हीच सरांची पीएच.डी. हायड्रोजन यायचा शेठच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. तिथे तेल घट्ट करायला तो लागतोच, त्यातलेच दोन सिलिंडर शेठ दर आठवड्याला पाठवत. ते थांबले तर टेम्पो भंगारात आणि सरांची उमेदीची वर्षं पाण्यात.

शेठ स्टुलावर बसले. जीवरामने आणलेला चहा त्यांनी हातानेच नको म्हटला.

"सर, याला एकदम कमी दिलं तर?"

"एकदम नको, शेठ. झटका बसतो. सेल खराब होतो."

"मग?"

"हळूहळू उतरवायचं. भार आधी कमी करायचा. दिवे बंद, पंखा बंद. जे अगदी लागतं तेवढंच चालू ठेवायचं."

शेठ टेम्पोकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेलाचा भाव पडला तेव्हाही ते असेच दिसले होते, असं जीवराम मागे म्हणाला होता.

"आणि बाहेरून द्यायचं थांबवलंच तर?"

दात्यापुढे रडगाणं गाऊन चालत नाही. सर उत्साहाने म्हणाले, "तरी लगेच बंद पडत नाही. बॅटरीत साठा असतो. नीट वापरला तर बराच वेळ पुरतो. माझी पद्धत त्यासाठीच आहे."

"बराच म्हणजे किती?"

"भारावर आहे. पडून असेल तर खूप."

शेठनी मान हलवली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्या आठवड्याचे सिलिंडरही आले नाहीत. कारखान्यात फोन केला तर मुनीम म्हणाला, शेठ कारखान्यात येतच नाहीत, त्यांना विचारल्याशिवाय काही पाठवता येणार नाही. सरांचं कामात लक्ष लागेना. सगळं बधिर झाल्यासारखं वाटत होतं. आपणच मूर्खासारखं कमी चालेल, कमी चालेल म्हणत बसलो, असं त्यांना सारखं वाटे. शेवटी, एकाच सिलिंडरवर भागवतो पण बंद करू नका, असं सांगायला ते संध्याकाळी शेठच्या घरी गेले.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत बरीच माणसं खाली बसली होती, बायका हलक्या आवाजात स्तवन म्हणत होत्या. काही पूजा असेल असं समजून सर अवघडून दारातच थांबले.

रिखबचंद शेठ उठून बाहेर आले.

"शेठ, एका सिलिंडरवर भागवीन मी," सर घाईने म्हणाले.

"दोन घ्या. तीन घ्या. कारखान्यात सांगायचं राहिलं." शेठनी त्यांचा हात धरला आणि आतल्या खोलीत नेलं.

खोलीत सतरंजीवर जतनबाई, शेठची बायको, पडून होत्या. डोळे मिटलेले, अंगावर पांढरी साडी. उशाशी एक साध्वी मंत्र म्हणत होत्या.

"दुखणं हाताबाहेर गेलं, म्हणून हिने संथारा घेतला, मरणापर्यंतचा उपास," शेठ सपाट आवाजात म्हणाले. "आधी धान्य सोडलं, मग दूध. आज सकाळी पाणीही. आता किती वेळ धरायचा, सर?"