ऊद फिरला

ओमानमध्ये जेवणानंतर उदाचं धुपाटणं फिरलं, की पाहुण्यांनी उठायचं. ते कधी फिरवायचं, हे हेडलुंड साहेबांनी माझ्यावर, त्यांच्या सेक्रेटरीवर, सोपवलेलं. आज अल हैलच्या व्हिलात त्यांच्या निवृत्तीची मेजवानी होती. स्टॉकहोममधल्या कारकुनीपासून मस्कतमधल्या स्वीडनच्या प्रतिनिधीपदापर्यंतची कहाणी साहेबांनी महिनाभर आरशापुढे घोकली होती. मला मात्र त्यांची १९९६ची मेजवानी आठवत होती. दुपारी पुण्याहून दादाचा फोन आला होता, आई शेवटच्या घटका मोजतेय. संध्याकाळी विमान होतं. मी जाऊ का विचारल्यावर साहेब हळूच म्हणाले होते, "पाहुण्यांसमोर तमाशा नको, सुलोचना. जेवण उरकू दे, मग जा." जेवण उरकलं तेव्हा विमान गेलं होतं, आणि मी पोचले तेव्हा आईची राख झाली होती. आज कॉफी झाल्यावर साहेब भाषणाचा कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ करायच्या आत मी वाढप्याला म्हटलं, "यल्ला, चल, ऊद आण." यजमान उभा आणि ऊद हजर, म्हणजे निरोपच. पाहुण्यांनी दाढ्यांना, बाह्यांना धूर घेतला, साहेबांशी प्रेमाने हात मिळवले आणि गाड्यांकडे निघाले. रिकाम्या खुर्च्यांपुढे साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "सुलोचना, हे काय केलंस? थांबव त्यांना! माझं भाषण राहिलंय!" दारात शेवटचा शेख अजून चपला घालत होता. मी हळूच म्हटलं, "पाहुण्यांसमोर तमाशा नको, सर. जेवण उरकलंय. आता जा."