ड्राइव्ह वापरात आहे

मकासारला जाणारी बोट संध्याकाळी सुटणार होती, तरी नोकरीसाठी निघालेल्या किनांतीची घाई सकाळपासूनच चालली होती. ओजेकवाला भाड्याची मोटारसायकल घेऊन दाराशी उभा होता. तिचा पेनड्राइव्ह मात्र अजून आईच्या संगणकातच होता. आईने काळ्या पडद्यावर ड्राइव्ह सुरक्षित सोडवायची, अनमाउंटची आज्ञा लिहिली. उत्तर आले: ड्राइव्ह वापरात आहे, सोडता येत नाही.

“इबू, सरळ उपटून घे ना! सगळे तसंच करतात,” किनांती आईला म्हणाली.

“आणि मग सगळ्यांच्या फायलींचा सोयाबीनच्या नासक्या टेंपेसारखा भुगा होतो,” असे म्हणत आई तीच आज्ञा पुन्हा, एकेक अक्षर शोधत लिहू लागली.

किनांतीने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिले आणि तिला हसू फुटले. “अगं, या पडद्यावर तूच ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उघडून बसली आहेस! आधी तू बाहेर ये, म्हणजे तो सुटेल.”

“अगंबाई, खरंच की!”

किनांतीचे हसू ओठांवरच थबकले. शाळेत संगणक शिकवताना पहिल्याच तासाला नेमकी हीच चूक मुद्दाम करून दाखवत आईने सगळ्या वर्गाला हसवले होते, आणि पुढच्या बाकावर किनांती स्वतः बसली होती. ही चूक आईकडून नकळत होणे शक्यच नव्हते.

तिने ओजेकवाल्याला थांबायची खूण केली, आईशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, “अजून एकदा करून बघ, इबू. सावकाश.”