नाकातलं वजन

परीक्षकांनी विमान उचललं, कानाशी धरलं आणि नारळ घेताना हलवतात तसं हलवलं.

"आत काहीतरी वाजतंय," ते म्हणाले.

टेबलामागे चष्मेवाला उभा होता. दिवसभर दुकानात लोकांना जवळचं-लांबचं दाखवायचं हा त्याचा धंदा, आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून प्लास्टिकची विमानं जोडायची हा नाद. एअर शोच्या मैदानाच्या कडेला, तंबूत, दरवर्षी मॉडेलांची स्पर्धा असायची. खुळखुळणाऱ्या विमानाला बक्षीस मिळत नाही. खुळखुळा हा वेगळा विभाग आहे आणि तो लहान मुलांसाठी असतो.

"वजन सुटलं असेल," चष्मेवाला म्हणाला. "नाकातलं."

"विमानाला नाकात वजन कशाला?" मागच्या खुर्चीवरून बायकोने विचारलं.

"नसलं तर ते शेपटीवर बसतं, वहिनी," परीक्षक म्हणाले. "गेल्या वर्षी यांचं बसलं होतं ना. कुत्र्यासारखं. फोटो आहे माझ्याकडे."

फोटो सगळ्यांकडेच होता. त्यामुळे दुधाने तोंड पोळलेल्या चष्मेवाल्याने या वेळी ताक फुंकत न बसता विमानाच्या नाकात सरळ लोखंडच ओतलं होतं. छर्रे, नट, बेअरिंगच्या गोळ्या असलं सगळं तो ओट्यावरच्या एका वाटीत साठवायचा. नाकाचे दोन भाग जोडायच्या आधी त्याने ती वाटी अख्खी आत उपडी केली आणि वर गोंद ओतला. वाटीत काय आहे ते बघितलं नाही. त्याचं सगळं लक्ष कॉकपिटच्या काचेवर होतं.

स्पर्धकाला तीन पास मिळत, तीन खुर्च्या मिळत. तिसऱ्या खुर्चीवर विमानाचं रिकामं खोकं बसलं होतं. गेल्या वर्षी तिथे मेहुणा होता आणि खोकं त्याच्या मांडीवर होतं. मग हिवाळ्यात बायकोची, म्हणजे तिच्या आईने तिला दिलेली, अंगठी घरातून नाहीशी झाली. घरात बाहेरचं कुणी नव्हतं, आणि नोकरी नसलेला एकच होता. बायकोने जिन्यात, शेजाऱ्यांच्या देखत, सख्ख्या धाकट्या भावाची बॅग उलटी केली. आतून दोन शर्ट आणि विमानांचं एक मासिक पडलं.

"विकून आलास वाटतं," ती म्हणाली.

तो गेला तो गेलाच. मग तिने काका, मावशी, आत्या अशा सगळ्यांना एकेक करून फोन लावले आणि सावध केलं. असे फोन परत घ्यायची सोय टेलिफोनमध्ये अजून निघालेली नाही.

आज सकाळी चष्मेवाल्याने नुसतं विचारलं होतं, "तिसऱ्या पासाचं काय करायचं गं?"

"चोराला पास कशाला? तो भिंतीवरून येईल."

परीक्षकांनी खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला आणि पुढच्या चाकाच्या भोकातून आत मारला. "गोल आहे. पिवळं. चमकतंय."

"बघू," म्हणत चष्मेवाल्याने डोळा लावला.

आत, सुटलेल्या गोंदाच्या ढेकळाशेजारी, सासूबाईंची अंगठी पडली होती. तिचा लाल खडा सरळ त्याच्याकडे बघत होता. भांडी घासताना बायको अंगठी काढून कुठेही ठेवायची. कुठेही म्हणजे कुठे, ते आता कळलं.

त्याने डोळा काढला नाही. काढला असता तर बोलावं लागलं असतं. आणि खरं बोलायचं तर नाक फोडून घ्यावं लागणार होतं. आधी विमानाचं.

"वॉशर आहे," तो म्हणाला. "पितळेचा."

"बघू," बायको म्हणाली.

तो बाजूला सरकला. तिने एक डोळा मिटला, टॉर्च धरला आणि वाकली. बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ वॉशरकडे कुणी बघत नाही. चष्मेवाला मनातल्या मनात म्हणाला, बोल. तू बोललीस की मी सुटलो.

ती सरळ झाली. टॉर्च बंद करून तिने परीक्षकांना परत दिला.

"वॉशरच आहे," ती म्हणाली.

"काढून टाकू या का? नाक जरा उघडावं लागेल, पण..."

"नको," दोघं एकदम म्हणाली. हिवाळ्यापासून त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच.

मग ती नवऱ्याच्या जवळ सरकली. "चिकटवून टाका," ती हळूच म्हणाली. "वाजायला नको."

त्याने खिशातून गोंदाची नळी काढली, सुईसारखं टोक भोकात घातलं आणि नळी रिकामी होईपर्यंत दाबली. परीक्षकांनी गोंद वाळायची वाट पाहिली, विमान पुन्हा कानाशी नेऊन हलवलं. आवाज नाही. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. विमान तिन्ही चाकांवर, नाक किंचित खाली, मोठ्या अदबीने उभं राहिलं.

"याला म्हणतात वजन!" परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पहिल्या नंबराचं कार्ड पंखाला टेकवलं.

बायकोने तिसऱ्या खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं. खुर्चीकडे बघितलं. खोकं परत वर ठेवलं.

बाहेर गलका झाला. चार विमानं पंखाला पंख लावून मैदानावर आली, आणि त्यातलं एक मध्येच रांग सोडून सरळ वर गेलं, दिसेनासं झालं. उरलेली तिन्ही ती जागा न भरता तशीच पुढे निघाली. गर्दीत कुणीतरी किंचाळलं.

"रिकामी जागा गेलेल्या सोबत्यासाठी मुद्दाम ठेवलेली आहे," लाउडस्पीकरवरून निवेदक म्हणाला. "कृपया कुणी घाबरून जाऊ नये."