सुरयाचा घास

कोकण किनाऱ्यावर उरलेला अखेरचा चिमुकला सुरय पक्षी चोचीत मासा धरून पुन्हा यंत्रमादीपुढे उभा राहिला. तिने तो घास स्वीकारला, तरच प्रयोगशाळेतून आणलेल्या अंड्यांवर तो बसणार होता. तिची चोच मात्र उघडेना.

"तिला खाण्याची गरजच नाही, काकू," तिला घडवणारा निनाद म्हणाला.

"ते त्याला कोण सांगणार?" किनाऱ्याची राखण करून थकलेल्या भागीरथीबाई म्हणाल्या. "वराचा घास न घेणारी नवरी पाहिली आहेस कधी? चोच उघडती कर."

दुपारी यंत्रमादीने मासा गिळला. नर लगेच दुसऱ्या माशासाठी समुद्राकडे झेपावला.

भागीरथीबाई वाळूत बसल्या. "आता अंडी ठेव. आणि तिचं पोट रोज रिकामं करत जा. त्याला कळता कामा नये."