मुठीची ज्वारी

डबा काठोकाठ भरला होता, तरी रिबकानं आणखी एक मूठ वर टाकलीच. दाणे पत्र्याच्या काठावर टणटण वाजत चुलीपर्यंत घरंगळले. इतका वेळ कान देऊन उभी असलेली गुलाब दचकली.

"हळू, माय माही," ती म्हणाली.

बाहेर, शेजारच्या देवकाबाईच्या दारात झांज वाजत होती. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की चर्चच्या मंडळीतल्या घराघरांत स्वयंपाकाच्या आधी मूठभर ज्वारी बाजूला पडायची. नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी बायका पोतं घेऊन निघायच्या. दारात एक पद, एक प्रार्थना, डबा पोत्यात रिकामा, की पुढचं दार. ज्यांच्या घरी नाताळाला चूल पेटायची नाही, त्यांच्यासाठी ते धान्य.

गुलाबच्या घरची मूठ या वर्षी तिच्या लेकीची, रिबकाची होती. पाच वर्षांच्या पोरीची ती मूठ, म्हणून दर खेपेला दोन.

शेजारी 'आमेन' झालं. पावलं निघाली. गुलाबनं सकाळीच दारात सडा टाकला होता, आत चटई अंथरली होती, दार सताड उघडं ठेवलं होतं. दारापाशी आल्यावर पावलांनी वेग धरला.

तिनं डबा डाव्या कडेवर घेतला आणि ती सरळ गल्लीत जाऊन पोत्यापुढे उभी राहिली.

पुढे तिची सासू विमलाबाई होती, काखेत गीतांचं पुस्तक. मागे पोत्याचं तोंड धरून देवकाबाई. त्यांच्या मागे मंडळीतल्या सात-आठ बायका.

"सरक, गुलाब. उशीर होऊन राह्यला."

"माह्या दाराशी नाई थांबल्या तुमी, आत्याबाई."

"तुह्यं नाव नाई यादीत. काऊन नाई, ते तुले ठाऊक हाये. नांदायले ये, रविवारी मंडळीसमोर उभी राहून माफी माग. मंग घेऊ तुह्यं धान्य."

"माफी कायची?"

"नवऱ्याचं घर सोडलं त्याची."

मागून कोणीतरी हसलं. "डबा तं पाय वो कसा गच्च भरला! नवऱ्याले जेवू घालाचं नाई, तं उरनच न."

"उरते तं देते," गुलाब म्हणाली. "तुमाले काऊन झोंबते?"

विमलाबाई एक पाऊल पुढे आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या लेकाच्या हाताबिगर चर्चात पेटी वाजत नाई. नाताळ तोंडावर आला, अन् तो उपाशीतापाशी हिंडून राह्यला. काई तं लाज धर."

"त्याच्या हाताचंच बोलून राह्यली मी."

गुलाबनं उजवा हात वर केला. मनगटाचं हाड वाकडं बसलेलं. बोटं अर्धवट वळून थांबलेली, न दिसणारा लोटा धरल्यासारखी. तिनं जोर लावला. दंडाची शीर तटतटली, बोटं तसूभर हलली नाहीत.

"पाहून घ्या सगळ्याजणी. मिटत नाई. महिनाभर रिबकानं मूठ काढली. तुमच्या नातीच्या मुठीचं धान्य हाये हे, आत्याबाई. घ्याचं नसन, तं तिच्या तोंडाकडं पाहून सांगा."

रिबका उंबऱ्यावर उभी होती. विमलाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर सावरला. "देवकाबाई, पोतं बांधा. चाला."

देवकाबाईंनी पोतं बांधलं नाही. उलट दोन्ही हातांनी त्याचं तोंड अंमळ जास्तच उघडलं आणि त्या गल्लीपलीकडच्या मिलच्या धुराड्याकडे बघत राहिल्या, जणू आपले हात काय करताहेत ते आपल्याला माहीतच नाही.

गुलाबनं डबा उपडा केला. ज्वारी सर्रकन आत गेली, थोडी धुळीत सांडली. आता त्या पोत्यातून कोणाचा दाणा कोणता, हे निवडायची कोणाची टाप नव्हती.

"आता पद म्हणा," ती म्हणाली. "दर दारात म्हणता, तं इथंबी म्हणा."

मग तिनंच सुरुवात केली. सूर फार वरचा लागला, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. ती थांबली, सूर खाली घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. विमलाबाई चालू लागल्या. निम्म्या बायका त्यांच्यामागे गेल्या. देवकाबाईंनी पोतं दोन्ही पायांमध्ये उभं केलं आणि टाळी धरली.

पद संपलं. प्रार्थना करायला कोणी पुढे झालं नाही, म्हणून तीही गुलाबनंच केली. भर गल्लीत, डोळे मिटून, पार टोकाला गेलेल्यांनाही ऐकू जाईल अशी.

"प्रभू, हे घर माह्यं हाये. इथं मी अन् माही पोर राह्यतो. जानारे जातीन. तू थांबजो. आमेन."

"आमेन," देवकाबाई म्हणाल्या आणि पोतं खांद्यावर घेऊन उरलेल्या बायकांसोबत निघाल्या.

मायलेकी सांडलेली ज्वारी वेचायला बसल्या. गुलाब सवयीनं उजवा हात पुढे करायची आणि दाणे बोटांच्या फटीतून पुन्हा मातीत पडायचे. रिबका वेचता वेचता थांबली. आपली मूठ तिनं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग आईच्या हाताशी नेऊन ठेवली.

"आई, मी मोठी झाल्यावर माहीबी मूठ मिटनार नाई का?"